कागद कुणाच्या हाती?

‘घरबसल्या’ हा शब्द मोठा फसवा आहे. ‘घरबसल्या कमवा’, ‘घरबसल्या शिका’ अशा जाहिराती आपण रोज वाचतो. त्या बहुतेक बायकांना उद्देशूनच असतात. पण घरात बसायला मिळतं कुणाला? जिच्यासाठी ही जाहिरात आहे ती पहाटेपासून पाणी, डबे, मुलांची शाळा, सासूबाईंची औषधं यांच्यामागे पायावर उभी असते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. तीनुसार, ज्या बायका घरचं बिनपगारी काम करत होत्या त्यांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता. जे पुरुष असं काम करत होते त्यांचा जात होता ९७ मिनिटं. म्हणजे बाईचे रोजचे पाच तास! ‘घरबसल्या’ म्हटलं की हे पाच तास दिसेनासे होतात. आणि त्यानंतर ती जे काही करते तेही काम उरत नाही. तो तिचा छंद होतो, विरंगुळा होतो, ‘तेवढंच मन रमतं’ होतो.

हे सगळं आज लिहावंसं वाटलं ते एका नव्या ‘विरंगुळ्या’मुळे. ज्या महिला मंडळांबरोबर आणि बचत गटांबरोबर मी काम करते, तिथे गेल्या काही वर्षांत मोबाइलवर किंवा टॅबवर चित्रं काढणाऱ्या मुली आणि बायका भेटू लागल्या आहेत. कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र म्हणजे डिजिटल कला. हा शब्द त्यांच्यातल्या अनेकजणी वापरतही नाहीत. ‘मी फोनवर काढते’ एवढंच म्हणतात. एकीने दारातल्या रांगोळीच्या ठिपक्यांवरून नक्षी तयार केली आहे आणि ती वह्यांच्या कव्हरांवर छापते. दुसरी, कॉलेजात शिकणारी, कोपरा फुटलेल्या फोनवर बोटाने पाळीवरची चित्रकथा काढते. तिसरी शिवणकाम करते. ती ब्लाउजच्या उरलेल्या तुकड्यांचे फोटो काढून त्यांची चित्रं जुळवते. यातल्या दोघींच्या घरी छोटा प्रिंटर आहे. एकीचा मुलाच्या अभ्यासासाठी आलेला, दुसरीचा भिशीच्या पैशांतून घेतलेला. रात्री ओटा आवरला की जेवणाच्या टेबलावर, टेबल नसेल तर पलंगावर, छपाई सुरू होते.

ही गोष्ट छोटी वाटते. मला ती छोटी वाटत नाही. चित्र काढणं, छापणं, त्यावर सही करणं आणि ते विकणं या चारही गोष्टी एकाच बाईच्या हातात, तिच्याच घरात येण्याची शक्यता इथे निर्माण झाली आहे. अशी संधी पूर्वीही आली होती. तेव्हा काय झालं ते आधी पाहू.

आपल्याकडे घरातली कला बायकांचीच होती. रांगोळी, गोधडी, भरतकाम, भिंतीवरची चित्रं. यातलं बरंचसं पुसलं जाण्यासाठीच काढलेलं असे. सकाळची रांगोळी संध्याकाळपर्यंत पायांनी जायची. भिंतीवरचं चित्र पुढच्या सारवणाखाली जायचं. जे टिकत नाही त्यावर कुणी सही करत नाही आणि त्याची किंमतही ठरत नाही. मग कधीतरी त्या घरात कागद येतो. चित्र टिकू लागतं, शहरात जाऊ लागतं, त्याला पैसे मिळू लागतात. त्या क्षणी तो कागद कुणाच्या हाती पडतो, यावर पुढचं सारं ठरतं.

याची दोन उदाहरणं आपल्या देशात आहेत, आणि गंमत म्हणजे दोन्हींत कागद घेऊन जाणारा माणूस एकच होता. चित्रकार भास्कर कुलकर्णी. १९६६-६७ मध्ये बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला. तेव्हा अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी कुलकर्णींना मिथिलेत पाठवलं. तिथल्या बायका घराच्या भिंतींवर, लग्नाच्या कोहबर खोलीत जी चित्रं काढत असत ती त्यांनी कागदावर काढावी, म्हणजे चार पैसे मिळतील, अशी ती योजना होती. कागद बायकांच्या हाती दिला गेला. पुढे जगदंबा देवींना १९७५ मध्ये, सीता देवींना १९८१ मध्ये आणि गंगा देवींना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. ही चित्रं जगभर गेली ती काढणाऱ्या बायकांच्या नावानिशी. तिथे सगळं आलबेल झालं असं नव्हे. दलाल तिथेही पोचले. पहिला कागद मिळाला तो प्रामुख्याने ब्राह्मण आणि कायस्थ घरांतल्या बायकांना. दुसाध या दलित समाजातल्या बायकांनी १९७० च्या दशकात गोंदणाच्या नक्षीवरून आपली वेगळी शैली उभी केली, तेव्हा कुठे त्यांची चित्रं कागदावर आली. पण निदान बाईचं नाव चित्राला लागलं.

आता आपल्या ठाणे-पालघरकडे या. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक काढायचा मान सुवासिनींचा. सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने त्या पालघट देवीचा चौक लिहीत, आणि लग्न लावायची ती धवलेरी, म्हणजे बाईच. १९७० च्या दशकात कुलकर्णी याही भागात आले आणि कागद आला. या वेळी नावारूपाला आले ते मुख्यतः पुरुष. जिव्या सोमा म्हसे हे फार मोठे कलावंत होते. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि ती योग्यच होती. त्यांच्या गुणवत्तेबद्दल इथे तक्रार नाही. पण ज्या चौकापासून हे सगळं सुरू झालं तो लिहिणाऱ्या सुवासिनींपैकी किती जणींची नावं आपल्याला सांगता येतील? मंडळाच्या बैठकीत हा प्रश्न विचारून पाहा. मी विचारला आहे. बैठकीत शांतता पसरते.

कला तीच होती, घरंही तशीच होती. बाईच्या हातून ती सुटली की नाही हे तिच्या प्रतिभेवर ठरलं नाही. कागद, बाहेरचं जग आणि पैसा यांच्याशी व्यवहार कुणी केला, त्यावर ठरलं.

आज भिंतीवरून कागदावर यायच्या ऐवजी आपण कागदावरून पडद्यावर आणि पडद्यावरून पुन्हा कागदावर येत आहोत. इथे यंत्राचा प्रश्न येतो. कॉम्प्युटरवर चित्रं काढण्याची सुरुवात ज्यांनी केली त्यांत काही बायका होत्या. हंगेरीत जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये राहिलेल्या व्हेरा मोल्नार त्यांपैकी एक. १९५९ पासून त्या ‘मनातलं यंत्र’ वापरत होत्या. म्हणजे, कॉम्प्युटर नसताना आधी नियम ठरवायचे आणि मग त्या नियमांनुसार हाताने रेघा काढायच्या. खरं यंत्र त्यांना वापरायला मिळालं ते १९६८ मध्ये, तेही एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. त्या काळी कॉम्प्युटर घरात येण्याजोगा नव्हताच. तो दुसऱ्याच्या इमारतीत असायचा, आणि तिथे जायला कुणाची तरी परवानगी लागायची. मोल्नार २०२३ मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी वारल्या. त्यांच्या हयातीतच यंत्र प्रयोगशाळेतून निघून स्वयंपाकघरापर्यंत आलं.

पण ते घरात आलं म्हणजे बाईचं झालं का? २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५४ टक्के बायकांनी सांगितलं की आपल्याकडे स्वतः वापरतो असा मोबाइल आहे. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायकांकडे तेवढाही नव्हता. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याही फोनचा पासवर्ड नवऱ्याला माहीत असतो, आणि त्याच्या फोनचा मात्र हिला नसतो. प्रिंटर मुलाच्या प्रोजेक्टसाठी येतो. शाई संपली की ‘तुझ्या चित्रांनीच संपवली’ हे ऐकावं लागतं. मुलाच्या पानांनी संपते तेव्हा असं कुणी म्हणत नाही.

तरीही घरच्या प्रिंटरचं मोल मला फार वाटतं. त्याचं कारण झेरॉक्सच्या दुकानात आहे. पाळीवर चित्रकथा काढणारी ती मुलगी आधी पेनड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जायची. काउंटरवरचा मुलगा फाइल उघडायचा. रांगेतले तिघे-चौघे पडद्याकडे बघायचे. एकदा कुणीतरी हसलं. एकदा ‘असलं इथे छापत नाही’ असं ऐकवलं गेलं. फाइल त्या कॉम्प्युटरवर राहून गेली ती वेगळीच. पुढे तिने मैत्रिणीच्या प्रिंटरवर छापायला सुरुवात केली आणि तिची चित्रं बदलली. ती धीट झाली. चुकलेलं चित्र फाडून पुन्हा काढायची मोकळीक मिळाली. कुणाला न दाखवता एकच प्रत छापून पाहता येणं, ही चैन आजवर आपल्याला कधी होती?

म्हणून छपाईची चार तांत्रिक सूत्रं प्रत्येकीला माहीत हवीत असं मला वाटतं. ‘ते मला नाही कळत, हे बघतात’ असं म्हणून आपण किती यंत्रं पुरुषांच्या स्वाधीन केली आहेत! हे मुळीच अवघड नाही. लोकरीचे टाके मोजणाऱ्या बाईला तर अजिबात नाही.

पहिलं, मापाचं. पडद्यावरचं चित्र बारीक ठिपक्यांचं असतं. त्यांना पिक्सेल म्हणतात. कागदावर नीट उठायला एका इंचात साधारण ३०० ठिपके लागतात. म्हणजे ए-फोर कागदासाठी चित्र २४८० रुंद आणि ३५०८ उंच एवढ्या पिक्सेलचं हवं. हे माप चित्र सुरू करतानाच ठरवायचं. लहान चित्र नंतर ताणून मोठं केलं की ते फाटक्या जाळीसारखं दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्रही असंच आक्रसतं. ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावं.

दुसरं, रंगाचं. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, कागद शाईने. त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत पोपटी किंवा गुलाबी कागदावर मंद होणारच. त्यात आपली चूक नसते. आधी छोट्या तुकड्यावर छापून बघायचं आणि त्याप्रमाणे फाइलमधला रंग बदलायचा. कापड रंगवणाऱ्या आपल्या आज्या हेच करत होत्या.

तिसरं, शाई आणि कागदाचं. घरगुती प्रिंटरच्या शाया दोन प्रकारच्या असतात. एक पाण्यात पूर्ण विरघळलेल्या रंगाची. ती चमकदार दिसते, पण उन्हाने लवकर विटते आणि ओल लागली की बऱ्याचदा फुटते. दुसरी बारीक रंगकणांची, म्हणजे पिगमेंटची. ती जास्त टिकते. विकायचं चित्र असेल तर आपली शाई कोणती हे ठाऊक हवं आणि घेणाऱ्यालाही सांगायला हवं. कागद नेहमीचा सत्तर-ऐंशी ग्रॅमचा चालत नाही. तो शाई पिऊन सुरकुततो. जाड, मॅट कागद घ्यावा आणि पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवावा.

चौथं, यंत्राच्या निगेचं. कार्ट्रिजवाला प्रिंटर स्वस्तात येतो, पण पुढे शाई घेता घेता कंबरडं मोडतं. टाकीचा प्रिंटर आधी महाग पडतो आणि नंतर परवडतो. कुठलाही घेतला तरी बरेच दिवस बंद राहिला तर शाई वाळून तोंडं बुजतात. आठवड्यातून एकदा सगळे रंग असलेलं छोटं पान छापावं. चित्रं काढायला क्रिटा, गिंप, इंकस्केप असे कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम फुकट मिळतात. चोरीचे प्रोग्रॅम घ्यायची गरज नाही.

आता पैशांचं बोलू. इथे आपण बायका हमखास अडखळतो. शिवणकाम करणाऱ्या त्या मैत्रिणीने आपलं एक चित्र ६० रुपयांना विकलं आणि ‘कागद-शाईचे सुटले’ म्हणून खूश झाली. आम्ही बसून हिशेब मांडला. आकडे अंदाजाचे आहेत, पण मांडणी उपयोगी पडेल. कागद १५ रुपये, शाई १०, वाया गेलेल्या प्रतींचे ५, यंत्राची झीज ५, पाकीट-पुठ्ठा १०. झाले ४५. चित्र काढायला तिला आठ तास लागले होते. तासाला १०० रुपये धरले तर ८००. त्या चित्राच्या वीस प्रती काढायच्या असतील तर दर प्रतीमागे ४०. छापणं, कापणं, बांधणं यात पाव तास, त्याचे २५. एकूण ११० रुपये. यात नफा अजून धरलेलाच नाही. ६० रुपयांत विकलं तेव्हा तिच्या ६५ रुपयांच्या श्रमाचे तिला १५ मिळाले होते. बाकीचे ५० तिने गिऱ्हाइकाला भेट दिले!

‘पण माझ्या वेळेला कोण पैसे देणार?’ असं ती म्हणाली. हा प्रश्न तिचा एकटीचा नाही. पाच तास बिनपगारी राबल्यावर सहाव्या तासाचे पैसे मागायची जीभ रेटत नाही, ही आपली शिकवण आहे. आणि पैसे आले तरी ते जातात कुठे? विकणाऱ्या कितीतरी जणींच्या वस्तूंवर पैसे घेण्यासाठी चिकटवलेला चौकोनी कोड नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्याचा असतो. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम १४ मध्ये स्वच्छ म्हटलं आहे की हिंदू स्त्रीने स्वतःच्या कौशल्याने किंवा कष्टाने मिळवलेली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची असते. कायदा आहे. पण खातंच दुसऱ्याचं असेल तर कायदा काय करील? म्हणून गटात आम्ही पहिला धडा चित्रकलेचा ठेवलेला नाही. स्वतःच्या नावाचं खातं आणि त्याचा कोड, हा पहिला धडा.

दुसरा धडा सहीचा. कॉपीराइटचा कायदा वकिलांसाठी असतो असं आपल्याला वाटतं. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यातली एक गोष्ट मला फार आवडते. चित्राला संरक्षण देताना तो कायदा हे चित्र कलात्मक दर्जाचं आहे की नाही, हे विचारत नाही. तसं त्याच्या व्याख्येतच लिहिलं आहे. म्हणजे ज्या चित्राला घरात ‘काय ते रेघोट्या मारत बसलीस’ म्हणतात, ते कायद्याच्या लेखी चित्रच आहे आणि ते काढणारी त्याची पहिली मालक आहे. नोंदणी करायलाच हवी असं नाही. हक्क चित्र काढल्याबरोबर निर्माण होतो आणि तिच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. कलम ५७ नुसार, हक्क विकला तरी ‘हे मी काढलं आहे’ असं सांगण्याचा तिचा अधिकार जात नाही, आणि चित्राची मोडतोड करून तिची बदनामी करणाऱ्याला ती अडवू शकते.

मात्र त्याच कायद्यातलं कलम १७ ही नीट वाचावं. नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचंही तसंच. म्हणून काम घेताना चार ओळींचं का होईना, लिहून घ्या. चित्र कशासाठी वापरणार, किती प्रती छापणार, मूळ फाइल कुणाकडे राहणार आणि नाव कुठे येणार. फाइल म्हणजे आजचा छाप आहे. ती दिली की हव्या तेवढ्या प्रती निघतात. प्रत विकावी, फाइल सहसा देऊ नये. छापलेल्या प्रतीवर खाली पेन्सिलने सही आणि क्रमांक घालायची रीत आहे. वीस प्रतींतली तिसरी असेल तर ‘३/२०’. ही रीत आपण उचलावी. नाव लिहायची सवय हातालाही लागावी लागते. आता तर दोन ओळी टाइप केल्या की यंत्र चित्र तयार करून देतं. ते यंत्र शिकलं आहे ते माणसांनी काढलेल्या असंख्य चित्रांवरून, आणि त्यांपैकी कुणाचंच नाव त्या चित्राखाली येत नाही. अशा दिवसांत सहीची सवय जास्तच गरजेची आहे.

मैत्रिणींनो, इथे एक धोक्याची सूचनाही द्यायला हवी. घरात यंत्र असणं मालकाच्याही फायद्याचं असू शकतं. विडी, उदबत्ती, पापड, टिकल्यांची पाकिटं ही कामं आपल्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या घरांतून चालली आहेत. जागा बाईची, वीज बाईची, मदतीला मुलांचे हात, आणि मोबदला नगावर. मालकाला कारखाना बांधावा लागत नाही. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, टी-शर्टवरची चित्रं यांचं काम आता याच रस्त्याने घरी येऊ लागलं आहे. ‘एका डिझाइनचे इतके, पसंत पडलं नाही तर पैसे नाहीत.’ कॉम्प्युटर तिचा, शाई तिची, रात्र तिची. हातात विडीच्या पानाऐवजी पेन आलं म्हणून हे काम प्रतिष्ठेचं झालं असं समजायचं का? घरून काम करणाऱ्यांना इतर कामगारांच्या बरोबरीची वागणूक मिळावी म्हणून आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला. त्यासाठी ‘सेवा’सारख्या आपल्याच संघटना झगडल्या होत्या. भारताने त्याला अजून मंजुरी दिलेली नाही. घरून डिझाइन करणारी मुलगी आणि विड्या वळणारी तिची आई या प्रश्नावर एकाच बाजूला आहेत. त्यांना एका बैठकीत आणणं हे आपलं काम आहे.

आणि शेवटी, आपल्या स्वतःच्या चळवळीबद्दल. मथुरा प्रकरणातल्या निकालाविरुद्ध १९८० मध्ये बायका रस्त्यावर उतरल्या. त्या काळापासून पोस्टर हे आपलं हत्यार आहे. लाकडी चौकट, ताणलेली जाळी, हातात शाई ओढायची पट्टी, आणि दोरीवर वाळत घातलेली पोस्टरं असा तो काळ. ‘झुबान’ या स्त्रीवादी प्रकाशन संस्थेने ‘पोस्टर विमेन’ या प्रकल्पात देशभरातली अशी पोस्टरं जमवून २००६ मध्ये लोकांसमोर आणली, हे मोठंच काम झालं. त्या काळातल्या कितीतरी पोस्टरांवर काढणारीचं नाव नाही. तेव्हा त्यामागे विचार होता. हे आपलं सर्वांचं आहे, एकीचं नाही, असा तो विचार. दहाजणी एका खोलीत रात्रभर बसून छापत होत्या तेव्हा तो खराही होता.

आज ती खोली राहिलेली नाही. आज आठ मार्चच्या चार दिवस आधी संघटनेच्या गटावर निरोप येतो, ‘कुणीतरी छान पोस्टर करून द्या ना!’ मग एक मुलगी आपल्या घरी, आपल्या फोनवर, रात्री जागून ते करते. तीन वेळा बदल सांगितले जातात. शेवटी पोस्टर छापलं जातं, त्यावर संघटनेचं नाव आणि बोधचिन्ह येतं, देणगीदारांचंही येतं. तिचं नाव राहतं. हॉलचं भाडं, मांडव, चहा या सगळ्याला अंदाजपत्रकात रक्कम असते. चित्राला नसते, कारण ते ‘आपल्याच मुलीने’ केलेलं असतं. घर तिला जे सांगतं तेच इथे संघटना सांगते, फक्त शब्द गोड असतात. एकटीने केलेल्या कामाला सामूहिक म्हणून नाव न देणं आणि सर्वांनी मिळून केलेल्या कामावर एकीचं नाव न घालणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला दुसरीचा मुलामा देणं थांबायला हवं.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक संघटनेने अंदाजपत्रकात चित्राच्या मानधनाचा रकाना घालावा, रक्कम लहान असली तरी चालेल. पोस्टरवर कोपऱ्यात काढणारीचं नाव छापावं. ज्यांना नाव देणं धोक्याचं वाटत असेल त्यांना विचारून टोपणनाव द्यावं. घरून लढून आलेल्या मुलींसाठी ते कधीकधी गरजेचं असतं. आणि मंडळाच्या, बचत गटाच्या जागेत एक टाकीचा प्रिंटर ठेवावा. गटाने शिलाई मशीन घेतलं तसंच हे यंत्र घ्यावं. वापराची वही ठेवावी, शाईचे पैसे पानागणिक घ्यावेत, आणि तो दुरुस्त करायला गटातल्याच दोघींनी शिकावं. ज्यांच्या घरी प्रिंटर नाही, किंवा असूनही तो त्यांचा नाही, त्यांना छापायला दुसरी जागा मिळेल. शिवाय पूर्वीची ती सामूहिक खोली थोडीफार परत येईल.

आम्ही एका गटात हे सुरू करून सहा महिने झाले आहेत. पावसात कागद दमट झाला, दोनदा शाईची तोंडं बुजली, वहीत कुणी पानं लिहायची विसरली म्हणून भांडणंही झाली. पण आता चित्र विकताना भाव सांगायच्या आधी बायका मनातल्या मनात तास मोजतात. तुमच्याकडे घरी चित्रं काढून छापणाऱ्या कुणी असतील, तर त्यांनी ठरवलेले भाव, त्यांना आलेल्या अडचणी आणि त्यांनी काढलेल्या वाटा ‘सारख्याच’ आहेत की वेगळ्या, ते जरूर लिहून कळवा. पत्रासोबत एखादी छापील प्रत पाठवलीत तर आनंदच होईल. फक्त खाली सही करायला विसरू नका.